पाच पायऱ्या आणि फ्रँक लॉइड राइट

आमच्या शाळेच्या चॅपलला पाच पायऱ्या होत्या. पहिलीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले (त्यामुळे माझ्या मराठीत चुका सापडल्या तर सांभाळून घ्या!). त्या दहा वर्षांत मी त्या पायऱ्या किती वेळा धावत चढले असेन, देव जाणे. पण मोजल्या मात्र कधी नाहीत. त्या मोजल्या नववीत असताना. आम्हाला लहानपणी इंग्लिश शिकवणाऱ्या एक वयस्कर सिस्टर तेव्हा व्हीलचेअरवर आल्या होत्या. प्रार्थनेच्या वेळी त्यांची खुर्ची चॅपलच्या बाहेर, पायऱ्यांच्या खाली, बदामाच्या झाडाजवळ लावलेली असायची. आतली गाणी त्यांना ऐकू यायची, पण वेदी दिसायची नाही. आम्ही चौघीजणी उचलून आत नेतो म्हणायचो, तर त्या हसून नको म्हणायच्या. तेव्हा मला ते विचित्र वाटायचं. आता कळतं. रोज देवाच्या दारात सामानासारखं उचलून जायला कुणाला आवडेल?

दुसऱ्या वर्षाला बिल्डिंग ड्रॉइंगच्या तासाला सरांनी काही जगप्रसिद्ध इमारतींचे प्लॅन दाखवले. त्यात एक चर्च होतं. अमेरिकेतल्या शिकागोजवळ ओक पार्क नावाचं गाव आहे, तिथलं युनिटी टेंपल. सर काँक्रीटबद्दल, प्रकाशाबद्दल भरभरून बोलत होते. माझं लक्ष मात्र दाराशी अडकलं. प्लॅनवर पायऱ्यांच्या रेघा, त्याच्या पुढे वळण, पुन्हा पायऱ्या... मला एकदम बदामाचं झाड आठवलं. सिस्टर इथेही बाहेरच राहिल्या असत्या! मग हे चर्च बांधणारा माणूस कोण, ते शोधायला मी लायब्ररीत गेले आणि त्याच्या आयुष्यातच अडकले. सबमिशन राहिलं बाजूला. तो माणूस म्हणजे फ्रँक लॉइड राइट.

राइटचा जन्म ८ जून १८६७ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रिचलंड सेंटर या गावी झाला. (पुढे तो स्वतः १८६९ सांगत असे. वय चोरण्याची हौस फक्त सिनेनट्यांनाच असते असं नाही!) आईचं माहेर लॉइड जोन्स. हे वेल्समधून आलेलं शेतकरी कुटुंब होतं आणि पंथाने युनिटेरियन. म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. बहुतेक ख्रिस्ती लोक पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिविध देव मानतात. युनिटेरियन लोक देव एकच मानतात, आणि धर्माच्या बाबतीत प्रत्येकाने आपल्या बुद्धीने विचार करावा असा त्यांचा आग्रह असतो. आपल्या महाराष्ट्राला हे लोक परके नाहीत. राइट जन्मला त्याच १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. पुढे १९०१ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे युनिटेरियन लोकांच्या मदतीने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकायला गेले. राइटचा मामा जेंकिन लॉइड जोन्स हा नावाजलेला युनिटेरियन धर्मोपदेशक. १८९३ साली शिकागोला जी सर्वधर्म परिषद भरली, जिथे स्वामी विवेकानंद बोलले, तिच्या आयोजकांमध्ये हा मामा होता. अशा घरात राइट वाढला.

त्याचे वडील धर्मोपदेशक आणि संगीतप्रेमी होते, पण पैशाच्या बाबतीत कायम अडचणीत. आईने मात्र मुलगा मोठा वास्तुशिल्पी होणार हे मनाशी पक्कं केलं होतं. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात तिने फ्रोबेलचे लाकडी ठोकळे पाहिले आणि मुलाला आणून दिले. फ्रोबेल म्हणजे बालवाडीचा जनक. आमच्या के.जी.तही असे ठोकळे होते, आम्ही ते एकमेकींना फेकून मारायचो! राइट मात्र त्या घन, गोल आणि त्रिकोणांशी आयुष्यभर खेळत राहिला. त्याच्या इमारती पाहिल्या की ते ठोकळे अजूनही ओळखू येतात.

१८८३ साली मॅडिसन शहरात विस्कॉन्सिनच्या विधानभवनाची बांधकाम चालू असलेली एक बाजू कोसळली आणि त्यात कामगार मेले. सोळा वर्षांच्या राइटने ते दृश्य पाहिलं आणि आत्मचरित्रात त्याबद्दल लिहिलं. सिव्हिलच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठा धडा कोणता? दोन वर्षांनी आईवडिलांचा घटस्फोट झाला. १८८६ मध्ये राइटने मॅडिसनच्या विद्यापीठात नाव घातलं आणि सिव्हिल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कोनोव्हर यांच्या ऑफिसात कामही केलं. पण पदवी न घेताच १८८७ मध्ये तो शिकागोला पळाला. (केटीवाल्यांनी यातून धीर घ्यायला हरकत नाही, पण घरी हे उदाहरण देऊ नका.) जाण्यापूर्वी त्याने आजोळच्या खोऱ्यात बांधलेल्या युनिटी चॅपल या छोट्याशा कौटुंबिक प्रार्थनाघराच्या कामात हात लावला होता. हे चॅपल लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

शिकागोत तो अॅडलर आणि सुलिव्हन या नामवंत फर्ममध्ये लागला. लुई सुलिव्हनला तो आयुष्यभर गुरू मानत राहिला. सुलिव्हनने दिलेल्या कर्जावर त्याने १८८९ साली ओक पार्कला घर बांधलं, लग्न केलं, पुढे सहा मुलं झाली. खर्च वाढला तसा तो मालकाला न सांगता रात्री बाहेरची घरं डिझाइन करू लागला. ते उघडकीला आलं आणि १८९३ मध्ये गुरुशिष्याची फारकत झाली. मग राइटने स्वतःचं ऑफिस काढलं. जमिनीला धरून पसरलेली, लांब वळचणीची, आडव्या रेषांची घरं तो बांधू लागला.

४ जून १९०५ रोजी ओक पार्कच्या युनिटेरियन मंडळीच्या लाकडी चर्चवर वीज पडली आणि ते जळून गेलं. मंडळींनी नवं काम आपल्याच पंथातल्या, आपल्याच गावातल्या राइटकडे दिलं. पैसा थोडा, जागा रहदारीच्या रस्त्याला लागून, समोरून ट्रॅमचा खडखडाट. राइटने काय केलं? शिखर नाही, घंटा नाही. त्याने काँक्रीटचा एक घन उभा केला. त्या काळी काँक्रीट कारखान्यांना आणि गोदामांना वापरत, देवाच्या घराला कोण वापरणार? पण स्वस्त पडावं म्हणून त्याने चारही बाजू सारख्या ठेवल्या, म्हणजे लाकडी शटरिंग पुन्हा पुन्हा वापरता येईल. गिलावा नाही, रंग नाही, काँक्रीटमधली खडी तशीच उघडी. रस्त्याच्या पातळीला एकही खिडकी नाही, त्यामुळे आवाज आत येत नाही. उजेड येतो तो वरून, उंचावरच्या खिडक्यांतून आणि छतातल्या पिवळसर रंगीत काचांमधून. बाहेर ढग असले तरी आत ऊन पडल्यासारखं वाटावं अशी त्याची कल्पना. बांधकाम १९०८ मध्ये संपलं आणि १९०९ मध्ये चर्चचं समर्पण झालं.

आता दाराकडे येते. रस्त्यावरून पाहिलं तर दार दिसतच नाही. बाजूने जायचं, पायऱ्या चढून ओट्यावर यायचं, तिथे दार. दारावर देवाची पूजा आणि माणसाची सेवा यांसाठी ही वास्तू आहे अशा अर्थाची अक्षरं. आत बुटकं दालन. तिथून वळून अंधाऱ्या बोळासारख्या मार्गात जायचं, मग पुन्हा पायऱ्या चढायच्या, आणि एकदम ते उंच, उजेडाने भरलेलं सभागृह समोर येतं! अंधारातून उजेडात नेण्याची ही युक्ती राइटने आयुष्यभर वापरली. सभागृहात बाक तीन बाजूंनी आणि वरखाली सज्ज्यांत आहेत, त्यामुळे मागच्या माणसालाही धर्मोपदेशकाचा चेहरा जवळून दिसतो. प्रार्थना संपली की व्यासपीठाच्या बाजूची दारं उघडतात, म्हणजे लोकांनी धर्मोपदेशकाकडे पाठ फिरवून जाऊ नये, त्याच्याकडे चालत येऊन जावं. किती बारीक विचार! माणसाने कुठे वळावं, कुठे थांबावं, काय पाहावं, सगळं ठरवलेलं. फक्त एक गोष्ट गृहीत धरलेली. येणाऱ्याला दोन धड पाय आहेत.

हा दोष एकट्या राइटचा म्हणायचा का? न्याय करायचा तर नाही. १९०५ साली जगात कुणीच हा विचार करत नव्हतं. आज आपण पाहतो ती घडीची व्हीलचेअरसुद्धा १९३० च्या दशकातली, एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या दोन इंजिनिअर मित्रांनी केलेली. त्यातला एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातात अपंग झाला होता. सार्वजनिक इमारतीत सगळ्यांना जाता आलं पाहिजे असा व्यापक कायदा अमेरिकेत १९९० साली झाला, आपल्याकडे १९९५ साली, आणि त्याची जागा नंतर २०१६ च्या कायद्याने घेतली. पण तरीही मला प्रश्न पडतो. उतरण काही नवी गोष्ट नाही. पिरॅमिडपासून माणूस ती वापरतोय, आपण शाळेत साधी यंत्रे शिकताना शिकलो. मग सुचली का नाही? मला वाटतं, कुणी विचारलं नाही म्हणून. आणि जे विचारू शकत होते ते बाहेर झाडाखाली बसले होते.

यापुढचं राइटचं आयुष्य एखाद्या कादंबरीसारखं आहे. १९०९ मध्ये तो बायको आणि सहा मुलांना सोडून एका अशिलाची पत्नी मामाह चेनी हिच्याबरोबर युरोपला निघून गेला. परत आल्यावर आजोळच्या खोऱ्यात त्याने टॅलिएसिन नावाचं घर बांधलं. १५ ऑगस्ट १९१४ रोजी, तो शिकागोला असताना, घरातल्या एका नोकराने आग लावली आणि बाहेर पळणाऱ्यांवर कुऱ्हाड चालवली. मामाह, तिची दोन्ही मुलं आणि आणखी चौघे गेले. राइटने ते घर पुन्हा बांधलं. १९२५ मध्ये ते पुन्हा जळलं. त्याने पुन्हा बांधलं! कर्जबाजारी, उधळ्या, गर्विष्ठ, घरच्यांशी निष्ठुर... मी त्याला आदर्श वगैरे म्हणणार नाही. पण हार मानणं त्याला माहीत नव्हतं, हेही खरं.

टोकियोत त्याने बांधलेलं इम्पीरियल हॉटेल १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात उभं राहिलं, पण १९६८ साली पाडण्यात आलं. तिशीच्या मंदीत लोक त्याला संपलेला समजत होते. तेव्हा सत्तरीच्या घरात त्याने धबधब्यावरचं फॉलिंगवॉटर (१९३६–३७) बांधलं. त्याचे कॅन्टिलिव्हर सज्जे पुढे खाली वाकत गेले आणि २००२ साली पोस्ट-टेन्शनिंग करून सावरावे लागले. जॉन्सन वॅक्स कंपनीच्या ऑफिससाठी त्याने कमळाच्या पानासारखे बारीक खांब काढले, तर अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. १९३७ मध्ये जाहीर चाचणी झाली. खांबाने १२ टन पेलणं अपेक्षित होतं, त्याने ६० टन पेलले! आमच्या मटेरिअल टेस्टिंगच्या लॅबमध्ये असं काही घडलं तर सर आम्हालाच बाहेर काढतील.

मॅडिसनच्या युनिटेरियन मंडळीचा तो १९३८ पासून सभासद होता. १९४६ मध्ये मंडळींनी नवं सभागृह त्याच्याकडे दिलं. तो ऐंशीला टेकलेला. यावेळी त्याने वेगळं शिखर ठेवलंच नाही. तांब्याचं छतच चढत जाऊन पुढे नांगराच्या फाळासारखं टोकदार होतं, आणि त्या टोकात पूर्ण काच. पाहणाऱ्याला जोडलेले हातही दिसतात. इमारत उंच जोत्यावर चढलेली नाही, जमिनीला धरून पसरलेली आहे. खर्च अंदाजापेक्षा कितीतरी पुढे गेला, तेव्हा सभासद, म्हणजे प्राध्यापक, गृहिणी, विद्यार्थी, स्वतः ट्रक घेऊन सुमारे ३० मैलांवरच्या खाणीतून दगड आणायला जाऊ लागले. राइटने पैशासाठी व्याख्यानं दिली, त्याचे शिष्य शेवटच्या कामाला धावले. १९५१ मध्ये ते पूर्ण झालं. पुढे मंडळी वाढली आणि २००८ साली शेजारी दुसऱ्या वास्तुशिल्पींनी मोठं सभागृह जोडलं.

ह्या सभागृहाचं काम चालू असताना राइटकडे एक पत्र आलं. इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावचे लॉरेंट हे दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. मणक्यातली गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते कमरेखाली लुळे झाले आणि व्हीलचेअरवर आले. त्यांच्या पत्नीने एका मासिकात राइटच्या घराबद्दल वाचलं. आपल्याला असं घर मिळेल का, असं या दोघांनी १९४८ मध्ये सरळ त्याला विचारलं. साधी माणसं, पैसे बेताचे, सरकारकडून अपंग सैनिकांना मिळणारी घरबांधणीची मदत हाच आधार. जगप्रसिद्ध राइट हो म्हणाला!

१९५२ मध्ये लॉरेंट दांपत्य त्या घरात राहायला गेलं. धनुष्यासारखं वळलेलं एकमजली घर. उंबरठा नाही. आत आणि बाहेर एकच पातळी. दारं रुंद, खुर्ची वळवायला जागा, कड्या आणि मुठी बसल्या जागी हात पोचेल अशा. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. राइट नेहमी स्वतःच्या उंचीचं माप धरून घरं बांधायचा. त्याची छतं बुटकी, उंच माणसांची डोकी आपटायची. या घरात त्याने स्वतःचं माप सोडून खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांचं माप धरलं. ते घर बसून पाहिलं तर सगळ्यात सुंदर दिसतं असं पाहून आलेले सांगतात. उभ्या माणसानेच तिथे खाली बसायचं! आणि यात दवाखान्यासारखं काहीही नाही. ते राइटचंच घर आहे, इतर घरांइतकंच देखणं. लॉरेंट तिथे सुमारे साठ वर्षं राहिले. २०१४ पासून ते घर लोकांना पाहण्यासाठी खुलं झालं.

म्हणजे १९०५ चा राइट आणि १९४९ चा राइट यांत फरक कशाचा? अकलेचा? कौशल्याचा? मला तरी वाटत नाही. मध्ये एक पत्र आलं, एवढाच फरक. त्याच वर्षांत तो न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमची रेखाटनंही करत होता, आणि ते अख्खं म्युझियम म्हणजे गोल फिरत खाली येणारी एक उतरण आहे. लिफ्टने वर जायचं आणि चित्रं बघत उतरायचं ही त्याची कल्पना. ती व्हीलचेअरसाठी केलेली नव्हती. पण इमारतीला पायऱ्या लागतातच असं नाही, हे त्याच्या हाताला चांगलं माहीत होतं.

गुगेनहाइम २१ ऑक्टोबर १९५९ ला उघडलं. राइट ९ एप्रिललाच गेला होता, वयाच्या ९१ व्या वर्षी. त्याला आजोळी पुरलं, त्याच युनिटी चॅपलच्या आवारात, जिथे पोरवयात त्याने पहिलं काम केलं होतं. १९८५ मध्ये त्याच्या तिसऱ्या पत्नीच्या इच्छेनुसार अवशेष काढून, दहन करून अॅरिझोनाला नेले. ओक पार्कचं चर्च मात्र जागेवर आहे. सपाट छतं गळली, खांबांत लपवलेले पाण्याचे पाइप तुंबले, २००८ मध्ये छताचा एक तुकडा खाली पडला. मग २०१५ ते २०१७ या काळात सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून दुरुस्ती झाली. २०१९ मध्ये राइटच्या इतर सात इमारतींसोबत ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पायऱ्यांसह! वारसा झालेल्या वास्तूत फोडाफोड करायची म्हणजे किती विचार करावा लागतो. कागदावर खोडरबर फिरवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं होतं.

गेल्या दिवाळीत मी टेप घेऊन शाळेत गेले. सुट्टी होती, आवारात कुणी नव्हतं. पाच पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटिमीटर, म्हणजे उंची ७५ सेंटिमीटर. उतरणीचं प्रमाण १:१२ धरलं तर लांबी लागते ९ मीटर. चॅपलच्या डाव्या भिंतीलगत मी टेप धरला. झाडापर्यंत ११ मीटर मोकळी जागा भरली. वर दारासमोर खुर्ची वळवायला दीड मीटर सोडला तरी बसतं. इतकी वर्षं जागा तिथेच होती.

ड्रॉइंग काढून मी शाळेला पाठवलंय, सोबत एक पत्र. उत्तर अजून आलेलं नाही. सिस्टर तर मी बारावीत असतानाच गेल्या, त्यांना आता उपयोग नाही. पण परवा आमच्या हॉस्टेलच्या रीडिंग रूमच्या पायऱ्या मोजल्या. तीन आहेत. म्हणजे ५ मीटर ४० सेंटिमीटर. टेप माझ्याकडे आहे, कुणाला आपल्या विंगच्या मोजायच्या असतील तर मागून न्या.

— तृतीय वर्ष, स्थापत्य